जमीन कुणाच्या नावावर? पहिल्या घराच्या फाइलचा इतिहास

आजच्या भागात तह नाही, स्वारी नाही, आज फ्लॅटची फाइल आहे. गेलं वर्षभर मी आणि बायको पुण्यात पहिलं घर बघतोय, त्यामुळे डोक्यात दुसरं काही शिरतच नाही, हे एक कारण. दुसरं कारण असं की या फाइलमध्ये शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास थरावर थर चढून बसलाय, आणि सही करताना तो कुणी वाचत नाही.

घर घ्यायच्या पायऱ्या कुणालाही विचारा, क्रम तोच मिळतो. घर पसंत करा, टोकन द्या, बँकेकडून कर्ज मंजूर करून घ्या, मुद्रांक शुल्क भरा, दुय्यम निबंधकांकडे अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर करा, स्लॅब पडत जाईल तसे बँक बिल्डरला पैसे देईल, मग भोगवटा प्रमाणपत्र, मग ताबा, मग वास्तुशांत. संपलं. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. आमच्याकडे जुना कोड समजून घ्यायला 'गिट ब्लेम' नावाची कमांड असते. कुठली ओळ कुणी घातली, कधी घातली, हे ती दाखवते. ही यादी बघून मला तीच कमांड चालवावीशी वाटली.

झालं असं, की बंगळूरच्या ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने मला विचारलं, "तुझा यूडीएस किती?" यूडीएस म्हणजे इमारतीखालच्या जमिनीतला तुमचा अविभाजित हिस्सा. कर्नाटकात, तमिळनाडूत फ्लॅटच्या खरेदीखतात तो आकडा लिहिलेला असतो. मी आमच्या अ‍ॅग्रीमेंटचा मसुदा उलटापालटा केला. चटई क्षेत्र होतं, पार्किंग होतं, नळ कुठल्या कंपनीचे तेही होतं. जमिनीतला हिस्सा कुठेच नाही. वकिलांना फोन लावला तर ते म्हणाले, "अहो, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जमीन सोसायटीला मिळते. नंतर."

आजचा भाग या 'नंतर'चा आहे.

त्यासाठी मुंबईत, गावदेवीला जावं लागतं. १८९६ च्या प्लेगने मुंबईच्या दाटीवाटीच्या वस्त्यांची लक्तरं वेशीवर टांगली, १८९८ मध्ये सरकारने सुधारणा मंडळ म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला, आणि शहरात नव्या वसाहती आखल्या जाऊ लागल्या. पण आखलेल्या वसाहतीत नोकरदार माणसाला परवडेल असं घर बांधणार कोण? घरमालक बांधणार, आणि भाडं त्याच्या मनाला येईल ते. या कोंडीतून कारवार-कानडा भागातून आलेल्या सारस्वत मंडळींनी वाट काढली. त्यांचे पुढारी श्रीपाद सुबराव तालमकी यांनी १९०६ सालीच शामराव विठ्ठल सहकारी पतपेढी उभी केली होती, जी पुढे बँक झाली. पण १९०४ चा सहकार कायदा फक्त पतसंस्थांपुरता होता. १९१२ मध्ये नवा कायदा आला, कर्जाशिवाय इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढता येऊ लागल्या, आणि १९१५ साली गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. आशियातली पहिली अशी संस्था म्हणून तिचं नाव घेतात.

इथे पायऱ्यांचा क्रम काय होता बघा. आधी माणसं एकत्र आली. माणसांची संस्था झाली. संस्थेने जागा मिळवली. संस्थेने इमारत बांधली. आणि सगळ्यात शेवटी सभासद आपापल्या घरात राहायला गेले. घर संस्थेचं, सभासदाकडे शेअर आणि राहण्याचा हक्क. आज आपल्या आई-वडिलांच्या कपाटात पन्नास-पन्नास रुपयांच्या शेअर्सचं ते पिवळट शेअर सर्टिफिकेट असतं ना, त्याचं मूळ इथे आहे. पन्नास रुपयांच्या कागदावर पाऊण कोटीचं घर उभं असतं, याची मला लहानपणापासून गंमत वाटायची. पण त्या कागदाला अर्थ तेव्हाच असतो, जेव्हा खाली संस्थेकडे जमीन असते. जमीन आधी, शेअर नंतर.

हा क्रम उलटा झाला तो साधारण स्वातंत्र्याच्या आसपास. मोठं कारण भाडेनियंत्रण. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. युद्धात भाव गगनाला भिडले होते, फाळणीनंतर निर्वासित येत होते, तेव्हा भाडेकरूला रस्त्यावर येऊ न देणं गरजेचंच होतं. पण तात्पुरता म्हणून आणलेला हा कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ घेत १९९९ च्या नव्या कायद्यापर्यंत टिकला. पागडी त्यातूनच फोफावली, पण तो वेगळ्या भागाचा विषय. आपल्या कामाची गोष्ट एवढीच, की भाड्याने द्यायला इमारत बांधणं हा आतबट्ट्याचा व्यवहार झाला. मग बांधणाऱ्याने विचार केला: भाडं मिळणार नसेल तर घरच विकू. आणि बांधून झाल्यावर विकण्यापेक्षा बांधायच्या आधीच विकू, म्हणजे भांडवल गिऱ्हाइकाचंच वापरता येईल.

हा 'ओनरशिप फ्लॅट'. यात बिल्डर आधी, पैसे नंतर, मग घर, मग घरात राहायला आलेल्या अनोळखी माणसांची सोसायटी, आणि शेवटी, बिल्डरच्या मर्जीने, सोसायटीच्या नावावर जमीन. तालमकींच्या क्रमाच्या बरोब्बर उलट. सोसायटी हा शब्द तोच राहिला, शेअर सर्टिफिकेट तेच राहिलं, फक्त पायथ्याची वीट काढून सगळ्यात वर ठेवली.

घोटाळे अर्थातच सुरू झाले. एकच फ्लॅट दोघांना, नकाशात एक आणि जागेवर भलतंच, पैसे घेऊन काम बंद. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० ला झालं आणि याच विषयावर सरकारने समिती नेमली ती २० मे १९६० ला. राज्याला तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते! जून १९६१ मध्ये समितीचा अहवाल आला आणि त्यातून १९६३ चा कायदा झाला, ज्याला सगळे 'मोफा' म्हणतात. त्याच्या प्रस्तावनेतच लिहिलंय, की घरटंचाईमुळे फ्लॅटच्या बांधणीत, विक्रीत आणि हस्तांतरणात गैरप्रकार होताहेत आणि वाढताहेत.

मी हा कायदा बसून वाचला. कंटाळवाणा असेल असं वाटलं होतं, पण त्याचं प्रत्येक कलम म्हणजे कुणाच्या तरी फसवणुकीचा पंचनामा आहे. किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त आगाऊ रक्कम घ्यायची नाही, आणि तीही लेखी, नोंदणीकृत अ‍ॅग्रीमेंट केल्याशिवाय नाही. म्हणजे त्याआधी काय चालत असणार ते ओळखा. जमिनीवरच्या हक्काचा वकिलाने प्रमाणित केलेला दाखला दाखवायचा. मंजूर नकाशा परस्पर बदलायचा नाही. गिऱ्हाइकांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवायचे. आणि आपल्या विषयाचं कलम ११: जमिनीचा आणि इमारतीचा हक्क बिल्डरने सोसायटीला कागदोपत्री द्यायचा. याला कन्व्हेयन्स म्हणतात, सरकारी मराठीत अभिहस्तांतरण. अ‍ॅग्रीमेंटमध्ये मुदत ठरलेली नसेल तर नियमांनी मुदत दिली आहे: सोसायटी नोंदल्यापासून चार महिने.

चार महिने. हा आकडा लक्षात ठेवा.

माझे आई-बाबा डोंबिवलीत राहतात. तीन मजली इमारत, चोवीस घरं, ताबा १९८६ चा. बाबा बारा वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी होते. गेल्या काही पावसाळ्यांत जिन्यातला गिलावा पडायला लागला, स्लॅबमधल्या सळया दिसायला लागल्या, तेव्हा पुनर्विकासाचा विषय निघाला. पहिला विकासक आला, चहा प्यायला आणि त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "कन्व्हेयन्स झालंय ना?" समितीने एकमेकांकडे बघितलं. सातबारा काढला तर त्यावर ना सोसायटीचं नाव, ना बिल्डरचं. मूळ शेतमालकाच्या कुटुंबाचं नाव तसंच. बिल्डरने जमीन विकत घेतलीच नव्हती, विकसनाचा करार आणि कुलमुखत्यारपत्र यांवर इमारत उभी केली होती. बिल्डर आता हयात नाही. जमीनमालकाचे वारस सात, त्यांतले दोन परदेशात. जमिनीचा भाव किती झालाय हे त्या सातही जणांना नीट माहीत आहे.

बाबा पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "अरे, पण आपलं रजिस्ट्रेशन झालंय की!"

हे वाक्य महाराष्ट्रातल्या लाखो घरांत म्हटलं जात असेल. रजिस्ट्रेशन म्हणजे सरकारने मालकी मान्य केली, असं आपण धरून चालतो. नोंदणी कायदा १९०८ चा. शंभर रुपये किंवा जास्त किमतीच्या स्थावराचा दस्त नोंदलाच पाहिजे, असं तो सांगतो. पण दुय्यम निबंधक नोंदतो तो दस्त. अमुक तारखेला अमक्याने तमक्याला हे लिहून दिलं, एवढंच. लिहून देणाऱ्याचा त्यावर हक्क होता का, हे तपासणं हे पारंपरिकपणे त्याचं काम नाही. आपण ज्याला 'इंडेक्स टू' म्हणतो तो त्या दस्तांच्या सूचीतला उतारा. इंडेक्स एक माणसांच्या नावांचा, इंडेक्स दोन मिळकतींचा, तीन मृत्युपत्रांचा. मालकीपत्र नव्हे, अनुक्रमणिका! मला हे कळलं तेव्हा एक मिनिट काही सुचलं नाही. साउथ ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स नावाच्या माणसाने १८५८ मध्ये अशी पद्धत आणली की सरकारी नोंद हीच मालकी, आणि त्याची हमी सरकारची. आपल्याकडे ब्रिटिशांनी ती आणली नाही. सातबाराही शेतसारा कुणाकडून वसूल करायचा यासाठीचा महसुली कागद, त्याच्यावर नाव असणं म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा नाही.

म्हणूनच वकील तीस वर्षांचा 'सर्च' घेतात. तीसच का? मुदतीच्या १९६३ च्या कायद्यात गहाण मिळकत सोडवून घ्यायला तीस वर्षं दिलेली आहेत, आणि १८७२ च्या पुरावा कायद्यात तीस वर्षं जुन्या दस्ताला खरेपणाचं गृहीतक होतं. त्यामुळे तीस वर्षं मागे जाऊन साखळी अखंड दिसली की वकील म्हणतो, टायटल क्लिअर. म्हणजे काय, तर आक्षेप सापडला नाही.

मुद्रांक शुल्काचं तर मालकीशी नातं याहून दूरचं. ही युक्ती १६२४ मध्ये हॉलंडमध्ये निघाली, कर वसूल करायला. पुण्यात मी साधारण सात टक्के भरणार, बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलं तर एक टक्का कमी. त्यावर नोंदणी फी एक टक्का, कमाल तीस हजार. या पायरीवरचा सगळ्यात मोठा बदल तेलगीमुळे झाला. नाशिकच्या सरकारी छापखान्यातली बाद यंत्रं मिळवून त्याने खोटे मुद्रांक छापले, २००१ मध्ये तो पकडला गेला, आणि त्यानंतर कागदी स्टॅम्प पेपरवरचा भरवसा उडाला. आधी फ्रँकिंग, मग ऑनलाइन चलन. आज आपण लॅपटॉपवर 'ग्रास'च्या पोर्टलवर शुल्क भरतो, त्यात तेलगीचाही वाटा आहे म्हणायचा.

आता बँक. "बँकेने कर्ज दिलंय म्हणजे कागद चोख असणारच" हे दुसरं लोकप्रिय वाक्य. घरासाठी सामान्य माणसाला कर्ज मिळणं हीच मुळात अलीकडची गोष्ट. १९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी काढली तेव्हा ते ६६ वर्षांचे होते, आयसीआयसीआयमधली कारकीर्द पुरी करून आलेले. तोवर घर म्हणजे प्रॉव्हिडंट फंड, मालकाकडून उचल, नाहीतर गावाकडची जमीन किंवा बायकोचे दागिने. एचडीएफसीने पगाराकडे बघून कर्ज द्यायची सवय या देशाला लावली. त्या बदल्यात तुमचे मूळ कागद बँकेच्या तिजोरीत जातात. नुसते कागद ठेवून गहाण करण्याची ही सोय १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलकत्ता, मद्रास, मुंबई अशा मोजक्याच शहरांना होती, व्यापाऱ्यांना चटकन पैसा मिळावा म्हणून. आज तीच सोय तुमच्या-माझ्या टू-बीएचकेला लागू आहे. बँकेचा वकील कागद तपासतो हे खरं, पण तो तपासतो बँकेचे पैसे सुटतील का. वीस वर्षांत कर्ज फिटतं. कन्व्हेयन्सचा प्रश्न तीस-चाळीस वर्षांनी, इमारत पाडायची वेळ आली की उभा राहतो. तेव्हा बँक केव्हाच बाहेर पडलेली असते.

डोंबिवलीचं पुढे काय झालं ते सांगतो. मोफा पाळलं जात नाही हे सरकारला कळायला पंचेचाळीस वर्षं लागली. २००८ मध्ये कायदा दुरुस्त करून मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स आणलं. बिल्डर देत नसेल, सापडत नसेल, तर सोसायटीने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा आणि त्यांच्या आदेशाने जमीन नावावर करून घ्यायची. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात चोवीस घरांचे अ‍ॅग्रीमेंट आणि इंडेक्स टू गोळा करायचे. त्यातली नऊ घरं दोनदा-तीनदा विकली गेलेली. काही जुने करार वीस रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर, त्यांचं राहिलेलं शुल्क सरकारच्या अभय योजनेत भरून घेतलं. एका काकूंचे मूळ कागद २००५ च्या पुरात भिजून लगदा झालेले. बाबा अडुसष्ट वर्षांचे आहेत. लोकलने ठाण्याला जातात, तारीख घेऊन येतात. सुनावणी चालू आहे, एका वारसाने हरकत घेतली आहे. चार महिन्यांचं काम, अडतीस वर्षांनी.

मग मोठा बदल झाला तो रेराचा. २०१६ चा केंद्राचा कायदा, महाराष्ट्रात महारेरा सुरू झालं १ मे २०१७ ला. पैशांच्या बाजूने बघितलं तर हे काम चांगलं आहे, आणि मी ते मनापासून म्हणतोय. आगाऊ रकमेची मर्यादा वीसवरून दहा टक्क्यांवर आली. गिऱ्हाइकांकडून येणाऱ्या पैशातले सत्तर टक्के त्याच प्रकल्पाच्या जमिनीसाठी आणि बांधकामासाठी वेगळ्या खात्यात. 'सुपर बिल्ट-अप'च्या नावाखाली जिना आणि लॉबी विकण्याला चटई क्षेत्राच्या व्याख्येने लगाम बसला. बांधकामातल्या दोषाला पाच वर्षं बिल्डर जबाबदार. प्रकल्पाची माहिती घरबसल्या दिसते. वडिलांच्या पिढीला यातलं काहीच नव्हतं.

पण कन्व्हेयन्सच्या ओळीवर आलं की पुन्हा तेच 'नंतर' आहे. एकच इमारत असेल तर मुदत महिन्यांत आहे. पण पुण्याच्या कडेला आता एकटी इमारत बांधतो कोण? सगळ्या टाउनशिप. तिथे इमारतीपुरती सोसायटी आधी होते, जमीन मात्र सगळ्या सोसायट्यांच्या महासंघाला, आणि तीही साधारणपणे शेवटच्या टॉवरला भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर. आम्ही बघितलेल्या एका प्रकल्पात अकरा टॉवर आहेत. आमचा चौथा. अकराव्याचं काम कधी सुरू होणार, असं मी सेल्स ऑफिसमधल्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "सर, त्याचा तुमच्या पझेशनशी काही संबंध नाही." माझ्याच वयाचा होता, त्याच्यावर राग नाही. त्याला तसंच शिकवलेलं असणार. बायकोने विचारलं, मधल्या काळात वाढीव एफएसआय मिळाला तर तो कुणाचा? यावर तो मॅनेजरला बोलवायला गेला.

आणि तो बंगळूरवाला प्रश्न, यूडीएसचा? त्याचं उत्तर आपल्याकडेही आहे, बरं का. १९७० चा महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायदा. त्यात सोसायटीऐवजी अपार्टमेंटधारकांची संघटना होते, आणि 'डीड ऑफ अपार्टमेंट'मध्ये प्रत्येकाचा जमिनीतला अविभाजित हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. पुण्यात अशा बऱ्याच इमारती आहेत. म्हणजे घर बघायला जाताना पहिला प्रश्न "सोसायटी होणार की अपार्टमेंट?" हा हवा. सोसायटी असेल तर मसुद्यातलं कन्व्हेयन्सचं कलम शोधून त्यात तारीख आहे की 'शेवटचा टप्पा पूर्ण झाल्यानंतर' असे शब्द आहेत, ते बघायचं. आणि सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर आज बिल्डरचं स्वतःचं नाव आहे, की तोही दुसऱ्याच्या कुलमुखत्यारपत्रावर उभा आहे, हे टोकन देण्याआधी. मिळकत पत्रिका ऑनलाइन निघते, थोडे पैसे लागतात. आम्ही आता चटई क्षेत्र विचारायच्या आधी हे विचारतो. दोन ठिकाणी चहासुद्धा मिळाला नाही.

जुन्या सोसायटीत राहत असाल तर आज संध्याकाळी सेक्रेटरींना गाठा आणि कन्व्हेयन्स झालंय का विचारा. काय उत्तर आलं ते मला कळवा, त्यावर एखादा वेगळा भाग करता येईल. पुढच्या वेळी पागडी: गिरगावातल्या एका खोलीचे दोन मालक कसे असतात त्याबद्दल. भेटूच.